टाके धरले, आता चाल कमवायची

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, ६९ वर्षांचे आहेत. बँकेतून निवृत्त झालेले. दर पौर्णिमेला इचलकरंजीहून नरसोबाच्या वाडीला जायचा त्यांचा नेम. श्रावणात पूर ओसरल्यावर गेले आणि घाटाच्या पायरीवर साचलेल्या गाळावरून डावा पाय पुढे सटकला. मांडीमागे काहीतरी तुटल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. आम्ही लचक समजून शेक दिला, मालीशही करून घेतली. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी झाली तेव्हा घाबरलो. एमआरआयमध्ये कळलं की मांडीमागचे तिन्ही स्नायू बैठकीच्या हाडावरून सुटलेत. पाचव्या आठवड्यात ऑपरेशन झालं, त्याला आज ११ आठवडे झाले. सर्जन म्हणतात, सगळं छान जुळलंय. आठव्या आठवड्यापासूनच पूर्ण वजन टाकून चालायला सांगितलंय. पण आप्पा वॉकर सोडायला तयार नाहीत. डावं पाऊल चोरून टाकतात, वाकून चालतात, बसतात तेही एका बाजूवर कलून. बसलं की कधीकधी पोटरीत मुंग्या येतात म्हणतात. घरी येणारा प्रत्येक जण "या वयात ऑपरेशन कशाला केलंत?" म्हणून जातो. सासूबाई त्यांना जागचं हलू देत नाहीत, चहा-जेवण सगळं हातात. ते पूर्वीसारखे चालतील का? वॉकर कधी सुटेल? मालीश सुरू करू का? पूजेला पाटावर कधी बसता येईल? आणि दत्तजयंतीला वाडीला जायचं म्हणतात, नेऊ का?

— एक सून, इचलकरंजी

उत्तर :

चालतील. तुमच्या पत्रावरून तरी तसंच दिसतं. घाटाच्या पायऱ्या पूर्वीसारख्या तरातरा उतरतील असं मी म्हणणार नाही, पण वॉकरशिवाय, पाठ सरळ ठेवून, मंडईतून भाजी घेऊन येण्याइतकं चालणं त्यांना जमायला हवं. मात्र सध्या घरात जे चाललंय ते तसंच राहिलं तर नाही जमणार. टाक्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात काळजीचं काही नाही. मला खटकली ती "चहा-जेवण सगळं हातात" ही ओळ. ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे जपणं हेच औषध असतं. अकराव्या आठवड्यात, सर्जननी मोकळीक दिल्यावरही, तेच जपणं चालू राहिलं तर त्याचंच दुखणं होतं.

आप्पांच्या पायाचं नेमकं काय झालं ते जरा सविस्तर लिहिते, आणि हा भाग त्यांना वाचून दाखवा. बँकेतला माणूस आहे, हिशोब कळला की पटेल. मांडीच्या मागे तीन लांब स्नायू असतात, त्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. आपण ज्या हाडावर बसतो, त्या बैठकीच्या हाडावर ते वरच्या टोकाला रोवलेले असतात आणि खाली गुडघा ओलांडून नडगीच्या बाजूंना जाऊन मिळतात. म्हणजे खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवर त्यांचा ताबा. गुडघा सरळ असताना खुब्यातून पाय झटक्यात पुढे गेला की त्यांच्यावर दोन्ही टोकांनी एकदम ताण येतो. गाळावरून सटकलेला आप्पांचा पाय अगदी असाच गेला. तरुण खेळाडूंना हे जोरात पळताना होतं. साठीनंतर ओली फरशी किंवा शेवाळलेली पायरीसुद्धा पुरते, कारण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा वयाबरोबर तितकी चिवट राहत नाही.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. मांडीमागे आवाज, पाय टेकवणं अवघड आणि दोन-चार दिवसांत मांडीभर उतरलेलं काळंनिळं रक्त, असं सगळं एकत्र दिसलं तर ती साधी लचक समजू नका. मालीशवाल्याकडे न जाता हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तुमच्याकडे पाच आठवडे गेले ते गेले. ते आता उगाळू नका. इतक्या अवधीत सुटलेलं टोक खाली आक्रसतं, आसपास चिकटतं. त्यामुळे सर्जनला काम जास्त पडतं आणि पुढची सुधारणाही थोडी संथ होते. संथ, पण होते.

आता चालीकडे येऊ. चालताना पाय पुढे झुलतो आणि टाच जमिनीला टेकायच्या आत त्याला आवरावं लागतं. हे आवरण्याचं काम हॅमस्ट्रिंगचं. टाच टेकली की नितंबाच्या स्नायूंच्या जोडीने अंग पुढे ओढायलाही ते मदत करतात. सपाट जागी, संथ चालीला यासाठी फार ताकद लागत नाही. वेग वाढला, उतार आला, रस्ता ओलांडताना घाई करावी लागली, की मागणी भराभर वाढते. म्हणून या ऑपरेशननंतर घरातलं आणि गल्लीतलं चालणं आधी परत येतं आणि लगबग बऱ्याच उशिराने येते. आप्पांचं घरातलंच चालणं अडलंय, यावरून मला वाटतं की अडचण जुळलेल्या जागेत कमी आणि बाकी ठिकाणी जास्त आहे.

पाऊल ते का चोरतात? पहिले सहा आठवडे त्यांना बजावलेलं असणार की गुडघा सरळ ठेवून कमरेतून वाकायचं नाही, पाय सरळ पुढे उचलायचा नाही. बरोबरच होतं ते. पण पाऊल पुढे पडतानाचा शेवटचा क्षण पाहा : खुबा थोडा वाकलेला, गुडघा जवळजवळ सरळ. म्हणजे ज्याची मनाई होती त्याचीच छोटी आवृत्ती. पायाने तो धडा पक्का गिरवलाय आणि मनाई उठली तरी पाय तो विसरायला तयार नाही. त्यात वॉकर. वॉकर धरला की माणूस पुढे झुकतो, खुबा कायम वाकलेला राहतो, नितंबाचे स्नायू कामच करत नाहीत. वॉकर उंचीला कमी असेल तर विचारायलाच नको.

दुसरं कारण याहून मोठं आहे. धडधाकट ज्येष्ठांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं गेलंय. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस सुमारे एक किलोने घटलं. ही ऑपरेशन न झालेली, नीट जेवणारी माणसं होती. आप्पा पडल्यापासून ऑपरेशनपर्यंत पाच आठवडे आणि नंतर सहा-सात आठवडे जवळपास बसून आहेत. या काळात डावी मांडीच काय, उजवीही वाळली. पोटऱ्या, नितंब, पाठ, दम, सगळंच खाली आलं. तुम्ही त्यांच्या उजव्या मांडीकडे कधी पाहिलंत का? पाहा. पूर्वीची पँट सैल होत असेल.

तेव्हा "या वयात ऑपरेशन कशाला" म्हणणाऱ्यांना काय सांगाल? खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. स्वीडन आणि शेजारच्या देशांतल्या डॉक्टरांनी ३० ते ७० वर्षांच्या रुग्णांवर केलेली एक मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ऑपरेशन केलेले आणि केवळ व्यायामाने बरे झालेले, असे दोन्ही गट दोन वर्षांनी जवळपास सारखेच निघाले. याचा अर्थ आप्पांचं ऑपरेशन चुकलं असा नाही. तिन्ही स्नायू किती सुटलेत, किती खाली गेलेत, माणूस किती हिंडताफिरता आहे, हे पाहून सर्जन ठरवतात आणि साठीपुढच्या लोकांनाही या ऑपरेशनचा फायदा झालेला दिसतो. मी त्या चाचणीतून घेते ते इतकंच, की ज्यांना टाका पडलाच नाही तेही व्यायामाच्या बळावर तिथवर पोचले. मग टाका पडलेल्या आप्पांनी व्यायाम सोडून कसं चालेल? पाहुण्यांना मात्र एवढं सगळं समजावत बसू नका. "झालंय आता, चहा घ्या" म्हणा.

पहिलं काम मोजण्याचं. घरातल्या मोकळ्या पॅसेजमध्ये चार मीटरवर दोन चिकटपट्ट्या लावा, पुढेमागे एकेक मीटर जागा सोडून. आप्पांना नेहमीच्या चालीने चालायला सांगा, आता वॉकर घेऊन, पुढे काठी घेऊन. पट्टी ते पट्टी किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा. आठ सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पाच सेकंदांना ०.८, चारला १. आशियाई ज्येष्ठांसाठी तज्ज्ञांनी घातलेली रेघ सेकंदाला एक मीटर आहे. त्याखाली सातत्याने राहिलं तर स्नायू खंगल्याची शंका घेतात. आप्पा आज त्याच्या बरेच खाली असतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ०.१ ने जरी वाढ झाली तरी ती रोजच्या जगण्यात जाणवणारी असते. सोबत खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो तेही लिहा. १२ सेकंदांच्या आत आलं तर छान. सध्या हाताशिवाय उठताच येत नसेल, तर तसंच लिहा. दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी मोजायचं आणि वही आप्पांच्याच हाती द्यायची. पासबुकात आकडा चढताना पाहायची सवय असलेल्या माणसाला हे आवडतं असा माझा अनुभव आहे.

वॉकर सुटायची तारीख मी देणार नाही, कारण ती कॅलेंडरवर नसते. वॉकर धरून लंगड न पडता पाच-सात मिनिटं चालता आलं आणि ओट्याला एक हात लावून डाव्या पायावर काही क्षण उभं राहता आलं, की घरातल्या घरात काठीवर यायचं. एका झटक्यात वॉकर काढून घेऊ नका. सकाळच्या फेऱ्या काठीवर, दमल्यावर संध्याकाळी वॉकर, असंही चालतं. काठी उजव्या हातात. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दहातली निम्मी माणसं दुखऱ्या बाजूलाच काठी धरताना दिसतात आणि मग अंग त्याच बाजूला जास्त कलतं. चप्पल घालून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. खालचं रबर झिजलेलं असेल तर ते आजच बदला. काठी आणि डावा पाय एकत्र पुढे, मग उजवा. पायऱ्यांवर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. कठड्याचा हात सोडायचा नाही.

पावलं आधी सारखी करायची, मग लांब. हा क्रम उलटा केला की लंगड पक्की होते. सुरुवातीला दोन्ही पावलं छोटी चालतील, पण डावं जेवढं तेवढंच उजवं. बऱ्याच जणांचं लक्ष डाव्या पायाकडे असतं. खरी मेख उजवा पाय घाईने टेकवण्यात असते, कारण डाव्यावर उभं राहायची भीती. त्यांना आकडे मोजत चालू द्या, "एक, दोन, एक, दोन" अशा सारख्या ठेक्यात. ठेका चुकला की त्यांचं त्यांनाच कळेल. टाच आधी टेकवायची, नजर समोरच्या भिंतीवर. लांब एकच फेरी मारून दमण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा पाच-पाच मिनिटं बरी, आणि दर तीन-चार दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवायची.

चालणं हा व्यायाम आहेच, पण केवळ चालून वाळलेली मांडी भरत नाही. तिला भार लागतो. आप्पांच्या फिजिओंना विचारून चार गोष्टी सुरू करा. उंच, घट्ट खुर्चीतून उठणं-बसणं. पावलं गुडघ्यांखाली, बसताना धपकन न बसता हळू. ओटा धरून टाचा उचलणं. ओटा धरूनच एकेक पाय बाजूला नेणं, ज्याने चालताना कंबर लचकायची थांबते. आणि उताणं झोपून, दोन्ही गुडघे वाकवून कंबर वर उचलणं. हॅमस्ट्रिंगला थेट काम देणारा हा त्यातला पहिला व्यायाम, म्हणून तो फिजिओंनी समोर करून घेतल्यावरच घरी करायचा. यातलं काहीही आठ-दहा वेळा करून थोडं थांबायचं, पुन्हा करायचं. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. सहज जमत असेल तर तो व्यायाम पुरेसा नाही. पुढे पायरी चढ-उतार येईल, तेव्हा पाटाचा उपयोग करू नका, फरशीवर पाट सरकतो. जिन्याची खालची पायरी आणि कठडा हेच उत्तम.

दुखलं तर? थोडं दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंतचं, ओढल्यासारखं, दुसऱ्या सकाळी निवणारं दुखणं चालेल. सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त असेल तर एक पाऊल मागे या, पण बंद करू नका. मांडीमागचा स्नायू ताणायचे व्यायाम मात्र सध्या कुणी सांगितले तरी नकोत. शेजारचे योगवाले "पायाचे अंगठे धरा, शीर मोकळी होईल" म्हणतील. हस्तपादासन, पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं वाकणं, हे सगळं सर्जन हो म्हणेपर्यंत बाजूला. पलंगावर पाय लांब करून पुढे वाकणं, पायाची नखं काढणं, मोजे घालणं, जमिनीवरची वस्तू गुडघे न वाकवता उचलणं, ही त्याचीच घरगुती रूपं आहेत. नखं तुमच्या यजमानांना काढू देत. आप्पा संकोचतील, पण काही महिन्यांचाच प्रश्न आहे.

बसण्याबद्दल. टाके ज्या हाडावर आहेत त्याच हाडावर माणूस बसतो, त्यामुळे या ऑपरेशनमध्ये चालण्याआधी बसणंच जास्त छळतं, आणि हे दुखणं चालणं सुधारल्यावरही काही महिने रेंगाळतं. कलून बसल्याने पाठ धरते आणि उठल्यावर पहिली दहा पावलं वाकडी पडतात. दोन्ही बाजूंना सारखी, जाड गादी घ्या. अर्ध्या तासाच्या आत उठून एक फेरी मारायची. टीव्हीवर जाहिरात लागली की उठायचं, हा नियम सोपा पडतो. शौचाला कमोडच, आणि तो बुटका असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते. रिक्षात किंवा गाडीत बसताना आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून आत घ्यायचे. एसटीची पहिली पायरी फार उंच असते, तिला आता हात जोडा.

पाटावरच्या पूजेला अजून अवकाश आहे. मांडी घालून बसल्यावर गुडघा वाकलेला असतो म्हणून स्नायूवर तितका ताण येत नाही. अडचण आहे ती कठीण पाटाच्या दाबाची आणि त्याहून जास्त खाली बसण्या-उठण्याची. देव्हारा तात्पुरता कंबरेएवढ्या उंचीवर घ्या आणि आप्पांना उभं राहून पूजा करू द्या. अर्धा तास उभं राहणं हाही व्यायामच झाला. सहा महिन्यांच्या सुमाराला, खुर्चीचा आधार घेऊन जमिनीवर जायचं आणि उठायचं कसं, हे फिजिओ शिकवतील. ते जमल्याशिवाय पाट नको. जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठता येणं उतारवयात फार मोलाचं असतं, त्यामुळे "आता आयुष्यभर खुर्चीच" असंही ठरवून टाकू नका.

मालीश? टाक्यांच्या जागी आणि मांडीमागे रगडून केलेली मालीश नको. जखम पूर्ण भरली असेल तर व्रणावरून खोबरेल तेलाचं बोट हलकेच फिरवायला हरकत नाही, कातडी मऊ पडते. पोटरी सुजलेली आणि दुखरी असेल तर तिला कुणाचाही हात लागता कामा नये. शिरेत रक्ताची गुठळी असली तर रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. या एका कारणासाठी मी ऑपरेशननंतर मालीशवाल्याला घरात बोलवायच्या विरोधात आहे, मग तो कितीही नावाजलेला असो.

खाण्याचं थोडक्यात. स्नायू भरायला प्रथिनं लागतात आणि आपल्या ज्येष्ठांच्या ताटात तीच कमी असतात : दोन भाकऱ्या, पातळ आमटी, भात, ताक. दुखण्यातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. आप्पांचं वजन ६० किलो धरलं तर दिवसाला ७०-७५ ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. वरण घट्ट करा, उसळ रोज करा, नाश्त्याच्या पोह्यांबरोबर दूध किंवा अंडं द्या, म्हणजे सगळा भार रात्रीच्या जेवणावर पडत नाही. बकऱ्याच्या पायांच्या सुपावर विसंबू नका, त्यातलं प्रथिन स्नायूला फारसं कामाचं नसतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे सगळं आधी डॉक्टरांना विचारून. रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासलं नसेल तर तपासून घ्या.

सासूबाईंशी बोलणं हे तुमच्यासाठी यातलं सगळ्यात अवघड काम असणार. "आई, तुम्ही त्यांना आळशी करताय" असं चुकूनही म्हणू नका. त्या माउलीने नवऱ्याला घाटावरून उचलून आणलेलं पाहिलंय; हातात चहा देणं हा तिचा धीर आहे. त्यांना फिजिओंसमोर बसवा आणि फिजिओंच्याच तोंडून ऐकू द्या. मग त्यांनाच काम द्या : चहा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा आणि आप्पांना हाक मारायची. चहा दोन वेळचा, नाश्ता, दोन्ही जेवणं, देवपूजा. बघा, फेऱ्यांची मोजणीच करावी लागणार नाही.

पुन्हा पडायची भीती आप्पांच्या मनात आहे, ती बोलून जात नाही. ती कमी होते पडण्याची कारणं कमी झाल्यावर. बाथरूमला पकडायची दांडी भिंतीत ठोकून घ्या, रबरी कपाने किंवा चिकटपट्टीने चिकटणारी नको. घरात अनवाणी किंवा गुळगुळीत रबरी चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल. रात्री लघवीला उठताना दिवा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का ते विचारा आणि येत असेल तर डॉक्टरांना सांगा; वजन घटल्यावर पूर्वीचा डोस जास्त होऊ शकतो. मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदना तपासून घ्या. चश्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला होता?

वाडीला न्या. जरूर न्या, पण दत्तजयंतीच्या मुख्य दिवशीची गर्दी टाळून आठवडाभर आधी किंवा नंतर, सकाळी लवकर. काठी असली तरी गर्दीत धक्का लागल्यावर पाऊल पटकन टाकून तोल सावरायला जी चपळाई लागते, ती या पायात इतक्यात नाही. देवळापर्यंत उतरताना एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तुमच्या यजमानांचा दंड; आप्पांनी त्यांचा दंड धरायचा, त्यांनी आप्पांचा नव्हे, म्हणजे आधार आप्पांच्या ताब्यात राहतो. पाण्याकडच्या पायऱ्या नाहीत. तीर्थ तुम्ही तांब्यात घेऊन या.

पुढचा अंदाज विचाराल तर, आजपासून नेटाने लागलात तर ऑपरेशननंतरच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात घराबाहेर काठीवर किंवा काठीविना, सहा महिन्यांनी तब्येतीला झेपेल अशी सकाळची फेरी. ताकद वर्षभर वाढत राहते. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित कमजोर राहील, फार वेळ बसल्यावर ती जागा आठवण करून देईल, व्रणाच्या आसपास बधिरपणाचा पट्टा राहू शकतो.

पोटरीतल्या मुंग्यांचं शेवटी लिहिते, कारण ते तुम्ही विसरू नये. बैठकीच्या हाडापासून बोटभर अंतरावरून पायाची मोठी नस जाते, तिला सायटिक नस म्हणतात. ऑपरेशनच्या आसपास ती ओढली जाते, सुजते, आणि बसल्यावर दाबली की मुंग्या येतात. बहुतेकांच्या त्या काही महिन्यांत ओसरतात. तरी पुढच्या भेटीत सर्जनना सांगा. आप्पा स्वतःहून सांगणार नाहीत. पण डावं पाऊल वर उचलता येत नसेल, चालताना चवडा जमिनीला घासत असेल, चप्पल पायातून निसटत असेल, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. तसंच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आलं, ताप भरला, किंवा मांडीमागे पुन्हा आवाज होऊन नवं काळंनिळं उतरलं, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखलं, तर फोनही नको, सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.